देवळालीचे गणितानंद : कै. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर

नाशिकजवळचे देवळाली हे गाव मुंबईच्या व्यापारी कुटुंबांना अपरिचित नाही. तेथील कोरड्या, आरोग्यदायी हवेसाठी पिढ्यान्‌पिढ्या ही कुटुंबे तेथील सॅनिटोरियममध्ये उतरत आली आहेत. सकाळी फिरणे, दुपारी विश्रांती आणि संध्याकाळी बाजारपेठेत चक्कर, असा तेथील सुटीचा क्रम असे. त्या सुटीवर गेलेल्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल की याच गावात अर्धशतकाहून अधिक काळ एक शाळामास्तर राहत होते, ज्यांचे नाव आज जगातील अनेक भाषांमधील गणिताच्या पुस्तकांत छापले जाते? कै. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे त्यांचे नाव. ‘गणितानंद’ या नावानेही ते ओळखले जात. संशोधकाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती, विद्यापीठात त्यांना स्थान नव्हते, हाताखाली साहाय्यक नव्हते. जवळ होते ते कागद, पेन्सिल आणि आकड्यांचे अनावर प्रेम.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. डहाणू त्या काळी ठाणे जिल्ह्यात होते; २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात मोडते. वडील व्यवसायाने कारकून, परंतु त्यांना ज्योतिषाचा नाद होता. ज्योतिष म्हटले की गणित आलेच. ग्रहांचे अंश, कला, विकला यांची बेरीज-वजाबाकी घरात नित्य चालत असणार आणि मुलाच्या कानांवर ती पडत असणार. दत्तात्रय आठ वर्षांचे असताना मातेचे छत्र हरपले आणि वडिलांनीच त्यांचे संगोपन केले. आकडेमोडीची ओढ त्यांना पित्याकडूनच लागली असे मानले जाते. ठाणे येथे शालेय शिक्षण घेत असतानाच कोडी सोडविण्यात आणि हिशेबाच्या सुटसुटीत युक्त्या शोधण्यात ते तासन्‌तास रमत असत. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी घोकून घेणारी ती पिढी होती. परंतु बहुतेकांच्या दृष्टीने पाढे हे हिशेबाचे साधन होते. या मुलाच्या दृष्टीने ते साध्य होते.

१९२३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. केंब्रिजचे पहिले भारतीय सीनिअर रँग्लर डॉ. र. पु. परांजपे यांच्या कारकिर्दीमुळे फर्ग्युसनचे नाव गणिताशी कायमचे जोडले गेले होते. विद्यार्थ्याच्या स्वतंत्र गणिती कार्यासाठी दिले जाणारे रँग्लर परांजपे पारितोषिक १९२७ साली कापरेकरांना मिळाले. १९२९ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे बी.एस्सी. झाले आणि त्यांचे औपचारिक शिक्षण तेथेच थांबले. पुढे ना एम.एस्सी., ना पीएच.डी. १९३० साली त्यांनी देवळालीच्या शाळेत शिक्षकाची नोकरी पत्करली आणि १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत, म्हणजे बत्तीस वर्षे, ते त्याच गावी मुलांना शिकवीत राहिले.

या बत्तीस वर्षांत बाह्यतः सांगण्यासारखे फारसे काही घडले नाही. शाळा, घर, शिकवण्या, सायकल. सायकलवरून गावोगाव जाऊन ते विद्यार्थ्यांना शिकवीत आणि नदीकाठी बसून आपल्या संख्यांचा विचार करीत. महाविद्यालये व गणित-परिषदा त्यांना व्याख्यानांसाठी बोलावीत. दारूच्या व्यसनी माणसाला त्या धुंदीतच राहावेसे वाटते, तशीच आपली संख्यांच्या बाबतीत अवस्था आहे, अशा आशयाचे उद्गार त्यांनी स्वतःविषयी काढलेले आहेत. उपमा आपल्या वाचकांना खटकेल. परंतु एवढ्या सत्त्वशील व्यसनाला ती लावणाऱ्या मास्तरांची विनोदबुद्धीही तीत दिसते.

त्यांची विचार करण्याची रीत कळण्यासाठी ‘डेम्लो’ संख्यांचे उदाहरण पाहावे. मुंबईपासून सुमारे तीस मैलांवर, तेव्हाच्या जी.आय.पी. रेल्वेच्या मार्गावर, डेम्लो नावाचे स्थानक होते. आजचे डोंबिवली ते हेच. तेथे कापरेकरांच्या मनात एका प्रकारच्या संख्यांचा विचार प्रथम आला, म्हणून त्यांनी त्या संख्यांना स्थानकाचेच नाव देऊन टाकले. २५५३ ही संख्या घ्या. डावीकडील २ आणि उजवीकडील ३ यांची बेरीज ५ आणि मध्ये दोन्ही अंक ५. तसेच ४७७७३ : टोकांच्या ४ व ३ यांची बेरीज ७ आणि मध्ये तीन वेळा ७. याच कुळातील काही संख्या तर नुसत्या पाहण्यानेच मन प्रसन्न करतात. १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा वर्ग १२३४३२१ आणि नऊ वेळा १ लिहून त्या संख्येचा वर्ग केला तर १२३४५६७८९८७६५४३२१. प्रा. के. आर. गुंजीकर यांच्यासह कापरेकरांनी लिहिलेला डेम्लो संख्यांच्या उपपत्तीवरील निबंध मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात १९३९ साली प्रसिद्ध झाला. लोकलची वाट पाहताना लोक घड्याळाकडे पाहतात. या गृहस्थांनी त्या स्थानकाचे नाव गणितात नेऊन ठेवले.

तथापि ज्या शोधाने त्यांचे नाव अजरामर झाले तो शोध ६१७४ या संख्येचा. १९४६ मध्ये तो त्यांना लागला आणि १९४९ मध्ये मद्रास येथे भरलेल्या गणित परिषदेत त्यांनी तो मांडला. पुढे अमेरिकेतील ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकातून तो प्रसिद्ध झाला. हा शोध समजण्यास चौथीच्या मुलासही अडचण पडू नये. चार अंकांची कोणतीही संख्या घ्यावी. अट एवढीच की चारही अंक सारखे नसावेत. ते अंक उतरत्या क्रमाने मांडून मोठ्यात मोठी संख्या करावी, चढत्या क्रमाने मांडून लहानात लहान करावी आणि मोठीतून लहान वजा करावी. आलेल्या उत्तरावर पुन्हा तीच क्रिया करावी. उत्तरात तीनच अंक आले तर पुढे शून्य धरावे. असे केले असता जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि एकदा ते आले की मग तेथेच थांबते, कारण ७६४१ मधून १४६७ वजा केले असता ६१७४ च उरतात.

कापरेकरांचे जन्मवर्षच घेऊन पाहू. १९०५ चे अंक मांडले असता ९५१० वजा ०१५९, म्हणजे ९३५१. पुढे ९५३१ वजा १३५९, उत्तर ८१७२. नंतर ८७२१ वजा १२७८, उत्तर ७४४३. ७४४३ वजा ३४४७, उत्तर ३९९६. ९९६३ वजा ३६९९, उत्तर ६२६४. ६६४२ वजा २४६६, उत्तर ४१७६. आणि शेवटी ७६४१ वजा १४६७, उत्तर ६१७४. बरोबर सात पायऱ्या झाल्या. लहान मुलांसमोर हा प्रयोग करून पाहावा. प्रत्येकाने वेगळी संख्या घ्यावी आणि शेवटी सर्वांचे उत्तर एक आलेले पाहून त्यांच्या चेहऱ्यावर काय उमटते ते बघावे.

हा चमत्कार का घडतो? चोपड्या लिहिणाऱ्या माणसाला याचे अर्धे उत्तर आधीच ठाऊक असते. तेरीज जुळत नसली आणि दोन्ही बाजूंतील फरकाला नऊने पूर्ण भाग जात असला, तर जुना मुनीम प्रथम हे पाहतो की कोठे अंक उलटे तर लिहिले गेले नाहीत. ६३ च्या जागी ३६ लिहिले तर २७ चा फरक पडतो, ८१ च्या जागी १८ लिहिले तर ६३ चा. त्याच अंकांची मांडणी बदलली की पडणारा फरक नेहमी नऊच्या पटीतच असतो. कापरेकरांची वजाबाकी ही याच जातीची. चार अंकांपैकी सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांतील फरकाला ९९९ ने गुणावे, मधल्या दोन अंकांतील फरकाला ९० ने गुणावे आणि दोन्हींची बेरीज करावी. तेच उत्तर येते. म्हणजे उत्तर केवळ दोन फरकांवर अवलंबून आहे. पहिला फरक १ ते ९ आणि दुसरा शून्यापासून पहिल्याइतका, अशा एकूण ५४ च जोड्या संभवतात. सारांश, शून्यापासून सुरू होणाऱ्याही धरल्या तर ९,९९० संख्यांची ही गर्दी पहिल्याच वजाबाकीत ५४ दारांतून आत जाते. त्या ५४ ची तपासणी कोणालाही एका दुपारी करता येईल. ६ गुणिले ९९९ म्हणजे ५९९४ आणि २ गुणिले ९० म्हणजे १८०, त्यांची बेरीज ६१७४. सात व एक यांत फरक सहाचा आणि सहा व चार यांत दोनचा. कुलूप आणि किल्ली एकाच ठिकाणी.

परंतु ५४ दारांतून आत गेल्यावर सर्वांनी एकाच खोलीत पोहोचावे हे काही ठरलेले नव्हते. तीन अंकी संख्यांत असेच होते, तेथे ४९५ हा शेवटचा मुक्काम. दोन अंकी संख्यांत होत नाही. तेथे ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ असे चक्र फिरत राहते. पाच अंकी संख्यांतही एक मुक्काम नाही, फक्त चक्रे आहेत. चार अंकांच्या बाबतीत तो आहे, आणि कापरेकरांपूर्वी तो कोणाच्या लक्षात आल्याची नोंद नाही. वजाबाकी तर हजारो वर्षे चालू होती.

आता ज्या गोष्टीमुळे या थोर माणसाच्या आयुष्याला एक व्यथेची किनार लाभली तिच्याकडे वळले पाहिजे. आपल्या देशातील अनेक गणितज्ञांनी कापरेकरांच्या कार्याची टर उडविली. हे गणित नव्हे, आकड्यांचे खेळ आहेत, असे त्यांचे म्हणणे. नामांकित संशोधन-नियतकालिकांची दारे त्यांना क्वचितच उघडी असत. मग आपले शोध ते स्वतःच लहान पुस्तिकांच्या रूपाने छापून घेत. ‘खरेसवाडा, देवळाली’ हा पत्ता असलेल्या त्या पुस्तिका आज जगभरच्या संख्याविषयक लेखांत संदर्भ म्हणून उद्धृत होतात. शाळामास्तराच्या पगारातून छपाईचे बिल भागविणे म्हणजे काय, याची कल्पना ज्याने त्याने करावी.

टीकाकारांची बाजू मात्र अगदीच पोकळ नव्हती, हे न्यायबुद्धीने मान्य करावे लागेल. कापरेकरांच्या बहुतेक संख्यांचे गुणधर्म आपण दहाच्या पटीत आकडे लिहितो या गोष्टीवर आधारलेले आहेत. मनुष्याला दहाऐवजी आठ बोटे असती आणि आपण आठाच्या पटीत मोजत असतो, तर ६१७४ चे हे माहात्म्य उरले नसते. मूळ संख्या मात्र कशाही लिहिल्या तरी मूळच राहतात. श्रीनिवास रामानुजन यांना जगापुढे आणणारे केंब्रिजचे प्रा. जी. एच. हार्डी यांनी १९४० साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ मॅथेमॅटिशियन्स ॲपॉलॉजी’ या पुस्तकात हाच मुद्दा मांडला होता. ८७१२ आणि ९८०१ या दोनच चार अंकी संख्या आपल्या उलट संख्येच्या पटीत आहेत (२१७८ ची चौपट ८७१२ आणि १०८९ ची नऊपट ९८०१), असे उदाहरण देऊन त्यांनी म्हटले की, अशा गोष्टी वृत्तपत्रांच्या कोड्यांच्या सदरात शोभतील, गणितज्ञाला त्यांत रस वाटण्याचे कारण नाही. हार्डींच्या अधिकाराविषयी कोण शंका घेईल? त्यांची नजर खोल होती, म्हणूनच १९१३ साली मद्रास पोर्ट ट्रस्टमधील एका कारकुनाच्या पत्रातून त्यांना रामानुजन दिसले.

गंमत अशी की, हार्डींनी क्षुल्लक म्हणून दिलेली ९८०१ ही संख्या कापरेकरांच्या आणखी एका शोधाच्या दारात उभी आहे. ९९ चा वर्ग ९८०१. त्याचे दोन भाग केले, ९८ आणि ०१, आणि त्यांची बेरीज केली की पुन्हा ९९. ४५ चा वर्ग २०२५. २० आणि २५ मिळून ४५. ५५ चा वर्ग ३०२५. ३० आणि २५ मिळून ५५. २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ आणि २०९ मिळून २९७. २२२३ चा वर्ग ४९४१७२९; ४९४ आणि १७२९ मिळून २२२३. वर्ग करून तोडले तरी जोडल्यावर मूळ स्वरूप परत येते, अशा या संख्यांना आज ‘कापरेकर संख्या’ असे नाव आहे. वरील शेवटच्या उदाहरणातील १७२९ हा आकडा जाणकारांनी ओळखला असेल. रामानुजन इंग्लंडात रुग्णशय्येवर असताना हार्डी ज्या टॅक्सीतून त्यांना भेटावयास गेले तिचा तो क्रमांक. दोन घनांची बेरीज म्हणून दोन प्रकारे लिहिता येणारी ही सर्वांत लहान संख्या होय, असे रामानुजन यांनी तत्क्षणी सांगितले होते. कापरेकरांनी १७२९ कडे दुसऱ्याच बाजूने पाहिले. तिच्या अंकांची बेरीज १९, आणि १९ ने १७२९ ला नि:शेष भाग जाऊन ९१ येतात. ९१ म्हणजे पुन्हा १९ चे उलट. आपल्याच अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जाणाऱ्या अशा संख्यांना त्यांनी ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणाऱ्या, असे सुरेख संस्कृत नाव दिले. त्यांची लाडकी ६१७४ हीदेखील हर्षदच आहे. अंकांची बेरीज १८, भागाकार ३४३, आणि ३४३ म्हणजे सातचा घन.

रामानुजन यांना हार्डी भेटले. कापरेकरांना हार्डी भेटले नाहीत. दोघांची बरोबरी करण्याचा येथे हेतू नाही, आणि ती करूही नये. रामानुजन यांची प्रतिभा वेगळ्याच कोटीतील होती. परंतु ज्याला कोणी विचारत नाही तो माणूस आपले काम चालू कसे ठेवतो, हा प्रश्न कापरेकरांच्या बाबतीत अधिक तीव्रतेने उभा राहतो. रामानुजन यांची उपेक्षा काही वर्षांची. कापरेकरांची काही दशकांची.

निवृत्तीनंतर, १९६३ साली, त्यांनी नव्या प्रकारच्या संख्यांवरील आणखी एक पुस्तिका देवळालीहूनच प्रसिद्ध केली. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. नवी संख्या जन्मास येते. १ पासून आरंभ केला तर १, २, ४, ८, १६, २३, २८, ३८, ४९, ६२, ७०, ७७, ९१, १०१ अशी वंशावळ चालू होते. दुसरीकडे ८६ पासून निघाले तर ८६ नंतर १००, आणि १०० नंतर १०१. म्हणजे दोन निरनिराळी घराणी १०१ या ठिकाणी येऊन मिळाली. अशा मिलनस्थानाला कापरेकरांनी रेल्वेचाच शब्द वापरून ‘जंक्शन’ म्हटले. जिला दोन जनक आहेत अशी सर्वांत लहान संख्या १०१; तीन जनक असलेली सर्वांत लहान संख्या मात्र थेट १,००,००,००,००,००,००१ म्हणजे दहा लाख कोटी आणि एक. आणि काही संख्या अशा की त्यांना जनकच नाही. कोणत्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवून २० येतच नाहीत. ३१ येत नाहीत, ४२ येत नाहीत, ५३ येत नाहीत. पहिल्या शंभरांत अशा तेराच संख्या आहेत : १, ३, ५, ७, ९, आणि मग अकरा-अकराच्या अंतराने २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७. आपल्याकडे स्वयंभू या शब्दाला जो अर्थ आहे तो यांना तंतोतंत लागू पडतो. वरील दोन्ही वंशावळींचे मूळपुरुष, १ आणि ८६, स्वयंभूच आहेत. या संख्यांना ‘देवळाली संख्या’ असेही म्हणतात. १९७४ मध्ये कोलंबिया देशातील बर्नार्डो रेकामान यांनी अमेरिकेतील एका मासिकातून याच संख्यांविषयी प्रश्न विचारला, त्यामुळे ‘कोलंबियन संख्या’ हेही नाव रूढ झाले. देवळालीत छापलेली पुस्तिका बोगोट्यापर्यंत पोहोचलेली नसल्यास नवल नाही.

घरची परिस्थिती या काळात बेताचीच होती. निवृत्तिवेतन पुरत नसे, म्हणून गणित व विज्ञानाच्या शिकवण्या त्यांना चालूच ठेवाव्या लागल्या. १९६६ मध्ये पत्नीचे निधन झाले. वयाची साठी उलटलेल्या माणसाला हे दुःख किती जड जाते, हे सांगावयास नको. तरीही संख्यांशी त्यांची संगत सुटली नाही.

आणि मग १९७५ चा मार्च महिना उजाडला. अमेरिकेतील ‘सायंटिफिक अमेरिकन’ या जगप्रसिद्ध मासिकात मार्टिन गार्डनर हे गणिती करमणुकीचे सदर लिहीत असत. लक्षावधी वाचक ते वाचीत आणि त्यांत मोठमोठे गणितज्ञही असत. गार्डनर यांनी त्या महिन्याच्या सदरात देवळालीच्या या निवृत्त शिक्षकाचा व त्यांच्या स्वयंभू संख्यांचा परिचय करून दिला. येथे एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. स्वतः गार्डनर यांचेही शिक्षण गणितातील नव्हते. त्यांची शिकागो विद्यापीठाची पदवी तत्त्वज्ञानाची होती. ज्यांच्या हाती पदव्या होत्या त्यांनी मास्तरांना हसण्यावारी नेले, आणि ज्याच्या हाती गणिताची पदवी नव्हती त्याने त्यांना ओळखले. हार्डींनी ज्यांना कोड्यांच्या सदरात पाठवून दिले होते त्या संख्या अखेर खरोखरच एका कोड्यांच्या सदरातूनच जगभर गेल्या. तेव्हा कापरेकर सत्तर वर्षांचे होते. त्या लेखानंतर परदेशांतील गणितज्ञ व हौशी अभ्यासक यांनी त्यांच्या संख्यांचा पाठपुरावा सुरू केला आणि ६१७४ ला ‘कापरेकर स्थिरांक’ या नावाने ओळखले जाऊ लागले.

१९८६ साली देवळाली येथे कापरेकरांचे देहावसान झाले. १९८६ चे अंक मांडून वजाबाकी केली तर ९८६१ वजा १६८९, म्हणजे ८१७२. जन्मवर्ष १९०५ च्या वाटेवर दुसऱ्या पायरीला हाच आकडा आला होता. तेथून पुढची वाट एकच आहे.

त्यांच्या खेळण्यांचे पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे, कारण ‘हे गणित आहे काय’ या प्रश्नाचे उत्तर कालांतराने गणितज्ञांनीच दिले. १९७७ मध्ये अमेरिकेतील नामवंत संख्याशास्त्रज्ञ आयव्हन निव्हन यांनी एका परिषदेतील व्याख्यानात हर्षद संख्यांचा विषय घेतला आणि तेव्हापासून पाश्चात्त्य लेखनात त्यांना निव्हन यांचेही नाव मिळाले. (आपले ‘हर्षद’ हे नाव अधिक गोड आहे, यात शंका नाही.) १९८२ मध्ये इटलीचे उम्बेर्तो झानिएर यांनी स्वयंभू संख्यांच्या घनतेवर काम केले. त्यांनी सिद्ध केले की या संख्या पुढे पुढे विरळ होत नाहीशा होत नाहीत, तर सर्व संख्यांमध्ये त्यांचा एक निश्चित हिस्सा कायम राहतो. तो हिस्सा शेकडा दहाच्या किंचित खाली आहे. १९९३ मध्ये कूपर व केनेडी या द्वयीने दाखविले की लागोपाठ एकवीस हर्षद संख्या कधीही येऊ शकत नाहीत, परंतु लागोपाठ वीस येऊ शकतात आणि अशा विसांचे गट अनंत आहेत. त्यांनी रचलेल्या अशा गटांपैकी सर्वांत लहान गटाची सुरुवात ज्या संख्येने होते तिच्यात ४,४३६ कोटींहून अधिक अंक आहेत. १२ ला ३ ने भागण्याइतक्या साध्या कल्पनेतून हे निघाले.

आणि २००० साली डग्लस इयानुची यांनी कापरेकर संख्यांचे रहस्य पूर्णपणे उलगडले. ४५ गुणिले ४४ केले तर १९८० येतात, म्हणजे ९९ ची वीसपट. ५५ गुणिले ५४ केले तर २९७० येतात, म्हणजे ९९ ची तीसपट. या वीस व तीस म्हणजेच २०२५ व ३०२५ यांचे डावीकडील भाग. ९९, ९९९, ९९९९ यांसारख्या संख्यांचे जे विशिष्ट प्रकारचे विभाजक असतात, त्यांच्याशी कापरेकर संख्यांचा एकास एक संबंध आहे, हे इयानुची यांनी सिद्ध केले. ४५ आणि ५५ मिळून १००, २९७ आणि ७०३ मिळून १०००, २२२३ आणि ७७७७ मिळून १०,००० अशा जोड्या का जुळतात, हेही त्यातून स्पष्ट होते. पूर्णांकांच्या अभ्यासाला वाहिलेल्या एका नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्या शोधनिबंधाचे शीर्षक तीनच शब्दांचे आहे : ‘द कापरेकर नंबर्स’.